‘झालं, मावशी’

शुक्रवार, रात्री साडेदहा

कोर्टरूमच्या बाहेर येऊन मी म्हणाले, ‘झालं, मावशी.’ त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला काढल्या, बाकाखाली जोडून ठेवल्या आणि जिन्याकडे बघत बसल्या. त्यांच्या घरच्याला, म्हणजे माझ्या अशिलाला, पोलिसांनी रात्री घरातून उचललं तेव्हा तो अनवाणी होता. दर तारखेला ही पिशवी त्यांच्या हातात दिसायची. मला वाटायचं डबा असेल.

तो जिन्यावरून येणार नव्हता. तो आर्थर रोड तुरुंगात होता आणि आहे.

काय झालं होतं मग? सत्र न्यायालयाने जामिनाचा अर्ज मंजूर केला. १५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा अधिक जामीनदार. याला आम्ही ‘बेल झाली’ म्हणतो, कारण आमचा युक्तिवाद तिथे संपतो. घरच्यांची धावपळ तिथून सुरू होते, आणि ती मी त्यांना आधी सांगितली नव्हती.

आधी आदेश टाइप होऊन सही व्हायला हवा. मग प्रत. खटला किल्ला कोर्टात, म्हणजे आझाद मैदानाजवळच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात, म्हणून जामीन भरायचा तिथे. काळा घोडा भागातल्या सत्र न्यायालयातून आझाद मैदानापर्यंत कागद घेऊन चालायचं. जामीनदाराने स्वतः उभं राहायचं. रेशनकार्ड, आधार, लाइट बिल, नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र, नसेल तर खोलीचे कागद. आधी किती जणांना जामीन राहिलात तेही लिहून द्यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८६ तेच मागतं. एवढ्यावर कोर्टाचं समाधान झालं नाही तर पत्ता पडताळायला पोलीस ठाण्याला पत्र जातं. हवालदार जातो दुपारी, जामीनदार असतो कामावर, आणि अहवाल येतो, ‘मिळून आला नाही.’

मावशींच्या धाकट्या दिराला उभं करायचं ठरलं होतं. त्याच्या रेशनकार्डावर ट्रान्झिट कॅम्पचा (तात्पुरत्या वसाहतीचा) पत्ता, आधारवर आताचा, खोली अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. मुंबईतल्या निम्म्या घरांचे कागद असेच असतात. त्यात खोटं काहीच नाही, फक्त एक कागद दुसऱ्याला ओळखत नाही.

क्लार्कलाही मी दोष देत नाही. एकच रेशनकार्ड घेऊन कोर्टाकोर्टांतून उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार या शहराने पुरेसे पाहिलेत. त्यांच्यापायी खरा दीर संशयित ठरतो.

म्हणून तर प्रोव्हिजनल कॅश बेल मागायची असते. जामीनदार आणायला चार आठवडे द्या, तोवर रोख रक्कम भरून घेऊन सोडा. अर्जाच्या शेवटच्या प्रार्थनेत ही एक ओळ पहिल्या दिवसापासून हवी, आणि न्यायाधीश साहेब आदेश सांगत असतानाच उठून तिची आठवण करून द्यायची. ती ओळ राहून गेली तर नवा अर्ज, त्यावर सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं), पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येण्याची वाट. आज माझ्याकडून ती ओळ सुटली. अर्ज जुन्या नमुन्यावरून केला होता आणि त्यात ती नव्हतीच.

हे लिहायला मला संध्याकाळपासून आत्तापर्यंत वेळ लागला. आधी मनात दुसरंच चाललं होतं. सकाळपासून दोन रिमांड (कोठडीच्या सुनावण्या), एक उलटतपासणी, मग हा अर्ज. तो जिंकूनही संध्याकाळी अपराध्यासारखं वाटावं, हे काय आयुष्य. फीचं तर... जाऊ दे. सर असते तर काय म्हणाले असते तेही ऐकू येत होतं. पण मावशींनी चपला पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळल्या तेव्हा त्यांनी घडी नीट जुन्या घडीवरच घातली, आणि त्या दृश्यापुढे माझं रडगाणं टिकत नाही.

रोख भरली तरी पुढे रिलीज ऑर्डर असते. तुरुंगात ती अक्षर न् अक्षर ताडून पाहतात: नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं. रिमांडच्या कागदावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९(४) (जबरी चोरी) सह ३(५) (समान हेतू) असेल आणि ऑर्डरमध्ये नुसतं ३०९(४) आलं, तर ती परत येते. दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात वॉरंट लागलं असेल तर सगळं बरोबर असूनही माणूस आतच. आणि वेळ. आर्थर रोडच्या दाराशी जामिनाच्या आदेशांची पेटी असते. ती ठरल्या वेळी उघडते. त्यानंतर पडलेला कागद रात्रभर तिथेच. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका गाजलेल्या प्रकरणात सगळ्या देशाने ती पेटी टीव्हीवर पाहिली. माझ्या अशिलांच्या घरच्यांना ती आधीपासून माहीत होती.

कायदा आपल्या बाजूला नाही असंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम ४८४ सांगतं, मुचलक्याची रक्कम अवाजवी नको. मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्णा अय्यरांनी हे १९७८ मध्येच लिहून ठेवलंय. एका गवंड्याकडे १०,००० चा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार नाकारला होता. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत तर सगळा रस्ताच आखून दिलाय. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेलने, सात दिवसांत सुटका नाही झाली तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला) कळवायचं, महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. आधी सोडा, जामीनदार नंतर देतो, असंही मागता येतं. निर्देश मला पाठ आहेत. पण सात दिवस म्हणजे सात रात्री, आणि त्या रात्री मोजणारी बाई बाकावर बसलेली असते.

हे काम असंच आहे, हे आता मान्य करायला हवं. युक्तिवाद वीस मिनिटांचा, उरलेलं सगळं कागदांचं, आणि ते कागदही वकिलीच आहे. जुनियरला सोमवारी सांगणार: पहिल्या रिमांडलाच घरच्यांना बाजूला घेऊन विचारायचं, जामीनदार कोण, पगाराची नोकरी कुणाची, सगळ्या कागदांवर पत्ता एकच आहे का. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग रिमांडच्या कागदावरून उतरवून घ्यायचं, आधारवरून नाही, कारण तुरुंग रिमांडचा कागद बघतो.

नमुन्यात ती ओळ आत्ताच घातली. सोमवारचा अर्जही टाइप झाला. उद्या दुसरा शनिवार.

मावशींना फोन केला. या वेळी सगळं ओळीने सांगितलं: सोमवारी अर्ज, मंजूर झाला तर कॅश काउंटर, पावती, ऑर्डर, ती मी स्वतः वाचून बघणार, मग पेटी. त्या मधे मधे ‘बरं’ म्हणत होत्या. पैसे दीर आणि जावई मिळून करताहेत. शेवटी विचारलं, ‘मग चपला कधी आणू, मॅडम?’

मंगळवारी सकाळी, म्हणाले, सात रस्त्याला, मोठ्या दारापाशी. पण नक्की सोमवारी पाचनंतर कळवते.