चारच रेघांचं नोटेशन

लहानपणी पेटीच्या क्लासला एक वही असायची, भातखंडे लिपीतली, म्हणजे सूर खुणांनी लिहायचं आपलं नोटेशन. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आली की दोन स्वरांवरून कमान. मला वाजवायचा कंटाळा पण कमानी काढायला जाम आवडायचं, बाई ओरडायच्या की एवढी मोठी कशाला काढलीस. गंमत म्हणजे पेटीवर मींड वाजतच नाही! म्हणजे जे कधी ऐकूच येणार नव्हतं तेच मी मन लावून काढत बसायचे.

हे सगळं आठवलं ख्रिस्टीन सन किम या अमेरिकन कलाकाराची चित्रं बघताना. जन्म १९८० चा, कॅलिफोर्नियातला, आईवडील कोरियाहून आलेले, आणि ती जन्मापासून कर्णबधिर. आधी पेंटिंग करायची, मग २००८ च्या उन्हाळ्यात बर्लिनला रेसिडेन्सीसाठी, म्हणजे काही काळ तिथे राहून कलेचं काम करायला, गेली तर तिकडे जिथे जावं तिथे साउंड आर्टच, म्हणजे आवाजातून केलेली कला. तिला वाटायचं आवाज ही ऐकणाऱ्यांची मालमत्ता आहे, आपला काय संबंध, पण दार आपटू नको, आवाज करू नको हे तर तिनेही आयुष्यभर पाळलेलं होतंच की, स्वतःला ऐकू न येणाऱ्या गोष्टीसाठी. तर मग तिने तोच विषय धरला.

सुरुवातीला सबवूफरवर, म्हणजे खर्जाच्या आवाजाने थरथरणाऱ्या स्पीकरवर, फळी ठेवून, त्यावर शाईत बुडवलेली पिसं नि खिळे नाचवून कागदावर उमटवलेली चित्रं केली. ती भारीच आहेत, पण तशी आणखीही लोकं करतात. मला खिळवून ठेवलं ते नंतरच्या नोटेशनच्या चित्रांनी. कागदावर कोळशाने रेघा, स्वर, थोडी अक्षरं, बस. पाश्चात्त्य संगीतात पाच रेघा असतात ना, हिच्याकडे बऱ्याचदा चारच, कारण अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये त्या रेघा दाखवायला चार बोटं आडवी धरतात, अंगठा नाही! मी स्वतःचा हात समोर धरून बघितला आणि एकदम पटलं.

आणि तो 'पी'. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये पी म्हणजे पियानो (वाद्य नव्हे), म्हणजे हळू आवाजात, दोन पी म्हणजे त्याहून हळू, असं वाढवत जायचं. २०१५ च्या टेड टॉकमध्ये ती म्हणते की असे हजारो पी लिहिले तरी पूर्ण शांततेपर्यंत पोचता येत नाही. मी तर समजत होते की हिच्यासाठी शांतता म्हणजे सरळ शून्य असणार, विषय संपला, पण हिची शांतता कायम थोडी वाजतेच आहे!

काल माळ्यावरून ती जुनी वही काढली. बाईंनी लाल पेनाने खोडलेल्या कमानी अजून दिसतात, एक तर पार समासाच्या बाहेर गेलीय.