नवगावहून लोदला, श्रीवर्धनहून कुवेतला

इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्या संघर्षाविषयी आमच्या रायगड जिल्ह्यात बोलणे निघाले, की दोन प्रकारची माणसे अधिकाराने बोलू लागतात. एक, ज्यांच्या शेजारची घरे स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत इस्रायलला निघून गेली ती. आणि दुसरी, ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी कुवेतला नोकरी करून आले ती. पहिली माणसे अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूला भेटतात, दुसरी मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूला. दोघांचेही सांगणे खरे असते, फक्त पहिल्यांची गोष्ट १९४८ च्या मे महिन्यात सुरू होते आणि दुसऱ्यांची त्याच वर्षीच्या जुलैत. या दोन गोष्टी आज इस्रायलमध्ये असलेल्या लोद नावाच्या एका गावात एकमेकींना छेदतात, आणि ते छेदणे आमच्याकडच्या वादविवादात कोणी बोलून दाखवीत नाही, म्हणून हा लेख.

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजाची परंपरा अशी, की फार पूर्वी नवगावजवळ गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते नेमके कोणत्या शतकात घडले यावर अभ्यासक वाद घालतात, ते खुशाल घालोत. हा समाज कित्येक पिढ्या इथे घाण्यावर तेल गाळीत होता, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवला जात होता आणि दिवेकर, पेणकर, अष्टमकर अशी गावांवरूनच आडनावे लावीत होता, हे सर्वांना मान्य आहे. नवस फेडताना पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाने होई आणि शेजारीपाजारीही वाटला जाई. ज्यू म्हणून या लोकांवर इथे कोणी हात उगारला नाही. हे मी मोठेपणा मिरवण्यासाठी लिहीत नाही. युरोपातल्या ज्यूंना पॅलेस्टाईनकडे लोटणारे जे कारण होते ते कोकणात नव्हते, हे पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवावे लागते.

ते कारण युरोपचे होते. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली, आणि १८९७ मध्ये थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे पहिली झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये आपली भूमी मिळावी असे मानणाऱ्यांची, परिषद भरली. त्यामुळे ‘ज्यू आणि अरब दोन हजार वर्षे लढत आले आहेत’ असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला इतिहासात आधार नाही. हा संघर्ष सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे, आणि एकाच लहानशा भूमीवर दोन लोकसमूहांनी राष्ट्र म्हणून हक्क सांगितल्यामुळे तो उभा राहिला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यात आपल्या परीने भर घातली. मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याची आशा दाखवायची, १९१६ च्या सायक्स-पिको करारात तोच प्रदेश फ्रेंचांबरोबर वाटून घ्यायचा आणि २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय गृह’ देण्याची भाषा करायची, असे तिन्ही व्यवहार दोन-अडीच वर्षांत उरकले गेले. महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या अमलाखाली आलेल्या पॅलेस्टाईनमध्ये १९२२ च्या शिरगणतीत ज्यू अकरा टक्क्यांच्या आसपास होते. हिटलरच्या उदयानंतर आलेल्या निर्वासितांमुळे १९४७ पर्यंत ते एकतृतीयांशाच्या घरात गेले. मधल्या काळात १९२९ ची हेब्रॉनमधली कत्तल झाली, १९३६ ते १९३९ चे अरबांचे बंड झाले आणि ते ब्रिटिशांनी निर्दयपणे मोडून काढले. फाळणीची सूचना प्रथम १९३७ च्या पील आयोगाने केली. ती त्या वेळी बारगळली.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारत होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते, आणि भारत, इराण व युगोस्लाव्हिया या तीन देशांनी फाळणीऐवजी एका संघराज्याची योजना मांडली. ती अल्पमतात राहिली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला, दहा देश तटस्थ राहिले आणि भारताने विरोधात मत दिले. गांधीजींनी १९३८ मध्येच ‘हरिजन’मध्ये ज्यूंच्या छळाविषयी मनापासून सहानुभूती दाखवूनही पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे म्हटले होते, उलट तेरा वर्षे रत्नागिरीत स्थानबद्ध राहिलेल्या सावरकरांनी भारताच्या या मताचा निषेध करून ज्यू राष्ट्राला पाठिंबा दिला. आजही कोकणातल्या चहाच्या टपरीवर याच दोन बाजू थोड्या भरड भाषेत ऐकू येतात. ठरावाने ज्यू राज्याला पॅलेस्टाईनची निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५५ टक्के भूमी देऊ केली होती. ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला, अरबांनी नाकारला, आणि दुसऱ्याच दिवसापासून यादवी सुरू झाली. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली व लगेच शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा आत शिरल्या.

आता लोद. अरबीत लिद्द. तेल अवीवहून जेरुसलेमकडे जाणाऱ्या वाटेवरचे, रेल्वे जंक्शन आणि विमानतळ असलेले हे अरब गाव संयुक्त राष्ट्रसंघाच्या नकाशात अरब राज्याच्या वाट्याला आले होते. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने लोद आणि शेजारचे रामला घेतले. लोदमध्ये गोळीबारात शेकडो माणसे मेली, आणि १२ जुलैला रहिवाशांना बाहेर काढण्याचा हुकूम निघाला. त्या हुकमावर सही होती यित्झाक राबिन यांची, जे पुढे पंतप्रधान झाले आणि ज्यांना पॅलेस्टिनींशी केलेल्या ओस्लो करारासाठी शांततेचे नोबेल मिळाले. दोन्ही गावांतून मिळून पन्नास ते सत्तर हजार माणसे रमजानच्या महिन्यात, जुलैच्या उन्हात, पूर्वेकडे पायी निघाली. कित्येक जण वाटेत तहानेने गेले. त्या एका युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. काही भीतीने पळाले, काहींना हाकलले गेले. त्यांतले किती कुठल्या प्रकारचे, यावर पुस्तकांच्या राशी आहेत, पण लोद आणि रामल्याच्या बाबतीत संदिग्धतेला जागा नाही. आणि हेही याच परिच्छेदात लिहिले पाहिजे, की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को वगैरे देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यूंना कायमचा मुक्काम हलवावा लागला, आणि त्यांतल्याही अनेकांची घरेदारे मागे राहिली, ती परत मिळाली नाहीत.

रिकाम्या झालेल्या लोदमध्ये बल्गेरिया, उत्तर आफ्रिका अशा ठिकाणांहून ज्यू कुटुंबे आणून वसवली गेली, आणि काही काळाने कोकणातलीही. बेअरशेबा हेही असेच, ऑक्टोबर १९४८ मध्ये जिंकलेले आणि अरब वस्तीने रिकामे झालेले गाव. तिथेही आपली माणसे गेली. १९५० मध्ये इस्रायलने ‘अनुपस्थितांच्या मालमत्तेचा’ कायदा केला आणि निघून गेलेल्यांची घरे-जमिनी एका सरकारी अभिरक्षकाकडे गेल्या. आपल्याकडेही त्याच वर्षी पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेविषयी असाच कायदा झाला, तेव्हा ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये.

लोदहून अधूनमधून अलिबागला येणाऱ्या एका मावशींनी मला त्या दिवसांविषयी सांगितले होते. त्या लहानपणी आईवडिलांबरोबर गेल्या. आधी काही महिने पत्र्याच्या छावणीत काढले आणि मग दोन खोल्या मिळाल्या, जाड दगडी भिंतींच्या, कमानदार दाराच्या, मागे लिंबाचे झाड असलेल्या. “आईनं त्या हपिसातल्या साहेबाला विचारलं, घर कोणाचं? तो म्हणाला, सरकारचं. आई म्हणाली, सरकार लिंबाची झाडं कधीपासून लावाया लागलं?” मावशी हे हसत सांगतात, आणि लगेच पुढे असेही सांगतात, की त्या घराशिवाय त्यांना दुसरा आसरा नव्हता, अलिबागचे घर विकून झाले होते, आणि रात्री सीमेपलीकडून घुसलेल्यांच्या गोळीबाराची भीती असे. या दोन गोष्टींतली एक निवडून सांगायची त्यांना गरज वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

शिवाय त्या देशात बेने इस्रायलांचे स्वागत ओवाळून झाले अशातला भाग नव्हता. रंगावरून हिणवणे, नोकरीत डावलणे याला कंटाळून १९५१ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले, आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली, आणि त्यांतले काही जण पुढच्या वर्षी खरोखर परत आले. सत्याग्रहाचे तंत्र इथून नेलेले होते हे उघड आहे. त्याहून खोल घाव १९६० च्या दशकाच्या आरंभी बसला. बेने इस्रायलांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा दंडक मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने घातला. ज्यांनी समुद्राकाठी कोणाचीही सक्ती नसताना शनिवारचा शब्बाथ पाळला, त्यांनाच ‘तुम्ही पुरते ज्यू आहात का’ असे विचारले गेले. जेरुसलेममध्ये धरणे आणि उपोषणे झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, हा समाज सर्व बाबतींत ज्यूच आहे असे जाहीर केल्यावर ते प्रकरण मिटले. आज भारतीय वंशाचे सुमारे पंच्याऐंशी हजार लोक तिथे आहेत आणि त्यांतले बहुसंख्य आमच्या किनाऱ्यावरचे. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवले.

तरीही एक फरक उरतोच. ५ जुलै १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्रायलचे नागरिकत्व मागता येते, म्हणजे रेवदंड्याच्या माणसाला लोदमध्ये घर करता येते. डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४ क्रमांकाच्या ठरावाने, शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावे व जे परतणार नाहीत त्यांना भरपाई द्यावी असे म्हटले. पण लोदमध्येच जन्मलेल्या माणसाला मात्र लोदला परतता आले नाही. इस्रायलची बाजू अशी, की लक्षावधी निर्वासित आणि त्यांची मुलेबाळे परत आली तर ज्यू बहुसंख्येचे राज्य उरणारच नाही, आणि ती भीती खोटी नाही. पण ज्याचे घर गेले त्याला दुसऱ्याच्या बहुसंख्येचे गणित ऐकवून समाधान होत नाही, हेही तितकेच खरे.

त्या घर गेलेल्या माणसांना आमचे श्रीवर्धनकडचे लोक कुवेतमध्ये भेटले. १९९० पूर्वी तिथे चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबनीस बहुधा तेच. खुद्द पॅलेस्टिनी नेते यासर अराफात तिथे सरकारी खात्यात इंजिनिअर होते आणि त्यांची ‘फतह’ संघटना आकाराला आली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुवेतमध्येच. आमच्या ओळखीच्या एका चाचांचे वरिष्ठ हिशेबनीस रामल्याचे होते. चाचा सांगतात, की त्या हिशेबनिसांच्या खणात वर्कपरमिटच्या पाकिटातच एक जुना कागद असे, इंग्रजी, अरबी आणि हिब्रू अशा तीन लिपींत छापलेला, ब्रिटिश काळातल्या जमिनीच्या नोंदीचा. दरवर्षी परमिटचे नूतनीकरण करताना तो कागद बाहेर यायचा आणि पुन्हा आत जायचा. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळले, अराफातांचा कल सद्दामकडे दिसला, आणि १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाल्यावर बहुतेक पॅलेस्टिनींना तिथूनही उठावे लागले. आमचे चाचा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला पोचले. त्यांना परतायला देश होता.

१९६७ नंतरचा इतिहास वर्तमानपत्रांमुळे सर्वांना माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात. सहा दिवसांच्या युद्धात जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात आले आणि व्याप्त भूमीवर ज्यू वसाहती उठू लागल्या. १९९३ चा ओस्लो करार एका बाजूने हमासच्या आत्मघाती स्फोटांनी आणि दुसऱ्या बाजूने वाढत्या वसाहतींनी व राबिन यांचा खून करणाऱ्या ज्यू माथेफिरूने पोखरला. २००५ मध्ये इस्रायलने गाझातून वसाहती काढल्या, २००७ मध्ये तिथे हमासची सत्ता आली आणि नाकेबंदी कडक झाली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. लोदमध्ये तर मे २०२१ मध्येच दंगल पेटली होती. तिथल्या वस्तीत आज जवळपास तिसरा हिस्सा अरब आहे. त्या दंगलीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरे, जाळली गेली, एक अरब आणि एक ज्यू नागरिक जिवानिशी गेला, आणि गावात आणीबाणी जाहीर करावी लागली.

ओस्लोमध्ये निर्वासितांचा प्रश्न ‘अंतिम टप्प्यासाठी’ राखून ठेवला होता. २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडच्या आणि नंतर इजिप्तमधल्या ताबाच्या बोलण्यांत तो टेबलावर आला व तसाच उचलला गेला. मला यात परतण्यापेक्षा भरपाईचा भाग अधिक शक्य कोटीतला वाटतो, आणि त्याचे कारण भावनिक नसून दप्तरी आहे. कोकणात ज्याने सातबारा पाहिला आहे त्याला हे लगेच समजेल: चाकरमानी मुंबईला जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी उताऱ्यावरचे नाव जागचे हलत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या समेट आयोगाने १९६४ पर्यंत खपून ब्रिटिश काळातल्या दप्तरावरून अरबांच्या खाजगी जमिनींच्या साडेचार लाखांच्या आसपास नोंदी तयार केल्या, प्लॉटचा क्रमांक, क्षेत्र आणि मालकाचे नाव यांसह. त्या न्यूयॉर्कमध्ये संघाच्या दप्तरखान्यात आहेत. अरब देशांतून निघालेल्या ज्यूंच्या मालमत्तेचेही असेच दप्तर करून दोन्ही हिशेब एकदम मांडावेत, असे म्हणणारे लोक दोन्हीकडे आहेत. पुढे कधी बोलणी झालीच, तर निदान कागद नाहीत ही सबब कोणाला सांगता येणार नाही.