अर्ध्यात पाव घातला तर

इंदूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बेसिक इलेक्ट्रिकल शिकवते, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक टीचरला वीस-बावीस मुलं मेंटॉर म्हणून वाटून देतात, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या कागदांत ते प्रमाण भरावं लागतं म्हणून त्याचं रजिस्टरही असतं. त्या रजिस्टरमध्ये एका मुलाच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने तीनदा लिहिलंय, "मेहनत वाढवावी, अटेंडन्स सुधारावी." त्या ओळीची मला आजही लाज वाटते.

मुलाला पाच बॅक होत्या, म्हणजे पाच विषय राहिलेले. मॅथ्स वन, मॅथ्स टू, फिजिक्स, मेकॅनिक्स आणि माझं इलेक्ट्रिकल. गणपतीत, झांक्या म्हणजे चित्ररथ निघायच्या दोन दिवस आधी, वडील त्याला घेऊन आले, नाव काढून टीसी न्यायला. वडील सांवेर रोडवर फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतात. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते, मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांचे अडकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तोवर आजोबा गेले होते. ते पैसे आजीच्या हातात आले आणि त्यातून या पोराची पहिल्या वर्षाची फी भरली.

"मॅडम, आईचे पैसे असे बॅकमध्ये घालवायचे नाहीत मला. उद्यापासून येईल माझ्याबरोबर कामाला." रागाने नाही बोलले, थकून बोलले. पोरगा खाली बघत उभा.

फॉर्मवर मेंटॉरची सही लागते. पेन उघडलं, पण हात होईना. मी एक कोरा कागद पुढे सरकवला, म्हटलं बस इथे, एक गणित माझ्यासमोर सोडव मग करते सही. सहा ओहम आणि तीन ओहम पॅरललमध्ये, एकूण रेझिस्टन्स काढ. म्हणजे करंटला शेजारी-शेजारी दोन रस्ते, दोन्ही मिळून अडथळा किती. सगळ्यात सोपं गणित.

फॉर्म्युला बरोबर लिहिला. एकूणाचं उलटं म्हणजे एक भागिले सहा अधिक एक भागिले तीन. आणि खालच्या ओळीत लिहिलं दोन भागिले नऊ. वरचे वर, खालचे खाली, सरळ बेरीज. मग उलटं करून साडेचार ओहम, आणि त्याला नीट चौकोन काढला.

पेपर तपासताना मी यावर लाल फुली मारून पुढे गेले असते, आणि गेलेच होते, पण त्या दिवशी शेजारी बसून त्याचा हात बघत होते. विचारलं, "पॅरललमध्ये रेझिस्टन्स अंदाजाने किती यायला पाहिजे?"

"जो सगळ्यात लहान असेल त्याच्यापेक्षा कमी, मॅडम. करंटला दुसरा रस्ता मिळतो ना."

एक सेकंद लागला नाही त्याला. हे वाक्य धड सांगता येत नाही अशी पासवाली मुलं माझ्या वर्गात ढिगाने आहेत. "मग हे साडेचार कुठून आलं?"

तो कागदाकडे बघत राहिला, खूप वेळ. "माहीत नाही मॅडम. माझं हमेशा असंच येतं."

मी म्हटलं छेद सारखे कर आधी, तर त्याला कळेचना. घरी मराठी असली तरी शाळा हिंदी मीडियमची, तिथे छेदाला हर म्हणतात आणि छेद म्हणजे भोक. मग म्हटलं बरं ते सोड, अर्धा अधिक पाव कर. एक भागिले दोन अधिक एक भागिले चार. त्याने लिहिलं दोन भागिले सहा.

तोवर वडील दाराशी टेकून उभे होते, ते पुढे आले. "अर्ध्यात पाव घातला तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल रे?" आणि खिशातून टेप काढून टेबलावर ओढला. "इंचात सूत किती?"

"आठ."

"अर्धा इंच?"

"चार सूत."

"पाव?"

"दोन." आणि मग स्वतःच, "सहा सूत. पाऊण इंच बाबा."

सुट्ट्यांत तो वडिलांबरोबर जातो कारखान्यात, मापं त्याला तोंडपाठ. मी फक्त एवढंच म्हटलं की आता असा टेप धर ज्यात एका इंचाचे आठ नाही, सहाच सूत आहेत, त्यावर कर ते पहिलं गणित. टेपवर बोट ठेवून तो मोजत होता, एक षष्ठांश म्हणजे एक सूत, एक तृतीयांश म्हणजे दोन, झाले तीन, सहातले तीन म्हणजे अर्धा, उलटं केलं तर दोन ओहम. वर बघून म्हणाला, "तीनपेक्षा कमी आलं."

मग एकेक निघत गेलं. सहावीत कावीळ झाली होती, तीन महिने देवासला मामांकडे, परत आला तोवर वर्गात दशांश सुरू झाले होते. नववी पूर्ण फोनवर, घरात एकच फोन आणि तो बहिणीबरोबर वाटून. त्याने काय केलं, तर उत्तरं पाठ केली, इम्पॉर्टंट क्वेश्चन पाठ केले, बारावी निघाली. कॉलेजात आल्यावर पाठांतर पुरेना. मी कपाटातून त्याचे मिडसेमचे पेपर काढले, दोन माझे, एक मॅथ्सचा सहकारी मॅडमकडून मागवला. तिन्हीत तेच, पहिली ओळ बरोबर आणि दुसरीत मोडलेलं. लाल पेन माझंच होतं आणि मला दिसलं नव्हतं.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. कोणी रात्रभर डिलिव्हरी करून वर्गात झोपतो, कोणाच्या घरी रोजची भांडणं, एका मुलीचं मनच बसलं होतं, तिला टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर मी स्वतः लावून दिला कारण तिथे अभ्यासाचं टाइमटेबल काही कामाचं नव्हतं. पण टक्केवारी बघून यातलं काहीच दिसत नाही, शेजारी बसावं लागतं.

आम्ही ठरवलं की पाच एकदम नाही, दोनच. आणि पहिले वीस दिवस तेही नाही, फक्त सहावी ते आठवीची एनसीईआरटी. रोज साडेनऊला लॅबमध्ये, वही बंद, कोरा कागद. काल केलेलं आज न बघता, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, परत परत वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं, आणि मजा म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. म्हणून तर मुलांना वाटतं वाचून झालं म्हणजे आलं. याला मी ते सांगितलं तेव्हा म्हणाला, माझं तर तेच व्हायचं, रात्री यायचं आणि पेपरात गायब.

डिसेंबरात इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिक्स निघाले. फिजिक्सची तयारी चालू आहे. मॅथ्स वनही देऊन बघितलं होतं, ते परत राहिलं, चार मार्कांनी, त्या संध्याकाळी फोन केला तर उचलला नाही, दुसऱ्या दिवशी साडेनऊला मात्र हजर होता.

टीसीचा फॉर्म वडिलांनी त्या दिवशी फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला आणि फी दोन हप्त्यांत चालेल का विचारलं. मी अकाउंट्समध्ये बरोबर गेले. चाललं.

परवा इंटिग्रेशनमध्ये पार्शियल फ्रॅक्शनला अडकला होता. मी बोलणार तेवढ्यात स्वतःशीच पुटपुटला, "दोघांचे सूत वेगळे आहेत," आणि खाली रेघ ओढून छेद सारखे करायला लागला.