सभासद क्रमांक १८१६

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फ्रीमेसन येतात, म्हणजे गुप्त विधी आणि शपथा असलेल्या एका जुन्या बंधुसंस्थेचे सभासद. डॉलरच्या नोटेवरचा डोळा, गुण्या आणि कंपास, आणि खाली ठळक अक्षरांत 'जगाची सूत्रं कोणाच्या हातात?' पाठवणारे आमचे धाकटे भावजी. साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे सूत्रं कोणाच्या हातात असतात हे खरं तर त्यांनीच आम्हाला सांगायला हवं. परवा त्यांनी थेट विचारलं, "वहिनी, हे पुढारी लोक खरंच असल्या मंडळांत असतात का हो?"

असतात की. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९३ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटॉलची कोनशिला बसवली ती मेसनांचा एप्रन बांधून, मिरवणुकीनं जाऊन. फ्रँकलिन रूझवेल्ट, ट्रूमन, जेराल्ड फोर्ड हे सगळे मेसन. आपल्याकडे दादाभाई नवरोजी होते, मोतीलाल नेहरू होते. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाचं लॉज (मेसनांची शाखा) काढलं ते मुळी हिंदी लोकांना आत घेण्यासाठी. त्याआधी माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश मिळाला नव्हता; ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले! फोर्टातला मेसनांचा हॉल आजही रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो. आतले विधी, खुणा, शपथा त्यांच्यापाशी राहोत. कोण सभासद आहे हे मात्र गावाला माहीत असायचं.

आणि सगळे मेसन एकमेकांना सांभाळून घेतात म्हणावं तर चिलीचं काय करायचं? तिथले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे मेसन, आणि १९७३ मध्ये त्यांचं सरकार उलथवणाऱ्या पिनोशेंनाही तरुणपणी लॉजमध्ये दीक्षा मिळालेली.

मी नोकरी केली बँकेच्या तपासणी विभागात. कुठल्याही शाखेत गेलं की आधी कॅश मोजायची, आणि मग जे रजिस्टर शाखाधिकारी आपणहून पुढे करत नाही ते मागायचं. त्या सवयीमुळे या सगळ्या विषयात माझा जीव एकाच प्रकरणात अडकलाय. इटलीतल्या 'पी-टू' नावाच्या मेसन लॉजच्या. कारण तिथं रजिस्टर सापडलं.

१७ मार्च १९८१. मिलानचे दोन न्यायदंडाधिकारी, गेरार्दो कोलोंबो आणि जुलिआनो तुरोने, मिकेले सिंदोना या बुडालेल्या बँकरचा तपास करत होते. धागा लिचो जेल्ली नावाच्या माणसापर्यंत गेला. जेल्ली म्हणजे गाद्यांच्या कंपनीतून वर आलेला, तरुणपणी फ्रँकोच्या बाजूनं स्पेनमध्ये लढायला गेलेला फॅसिस्ट. आरेत्सोजवळच्या कास्तिल्योन फिबोक्की गावात कपड्यांचा कारखाना होता, तिथल्या त्याच्या कार्यालयावर छापा पडला. तिजोरीत आणि एका सुटकेसमध्ये कागद मिळाले: सीलबंद पाकिटं, वर्गणीच्या नोंदी, आणि ९६२ नावांची यादी.

त्या यादीत मंत्री, खासदार, लष्कराचे आणि नौदलाचे वरिष्ठ अधिकारी, संपादक, बँकर होते. तिन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुख होते, तिन्ही! 'कोरिएरे देला सेरा' हे देशातलं सगळ्यात वजनदार वृत्तपत्र ज्यांच्या हातात होतं तेही होते. छापा घालणारं पथक होतं आर्थिक गुन्हे पाहणाऱ्या ग्वार्दिया दि फिनान्झा या दलाचं. छापा चालू असतानाच पथकाच्या कर्नलला दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा फोन आला: यादी मिळाली असेल तर त्यात मीही आहे, जपून. कर्नलनं यादी जप्त केली. मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस तो वाटतो. तपासणी चालू असताना वरून येणारा फोन कसा असतो ते मला माहीत आहे. त्यात धमकी नसते. "बघा, तुम्ही समजूतदार आहात" एवढंच असतं, आणि हातातलं पेन जड होतं.

दंडाधिकारी यादी घेऊन पंतप्रधान आर्नाल्दो फोर्लानी यांच्याकडे रोमला गेले. त्यांचं स्वागत करायला पंतप्रधान कार्यालयातला जो अधिकारी पुढे आला त्याचंही नाव यादीत होतं. फोर्लानी जवळजवळ दोन महिने यादीवर बसून राहिले. २१ मे रोजी ती जाहीर झाली, न्यायमंत्र्यांनी राजीनामा दिला, आणि आठवडाभरात सरकार गेलं. त्यानंतर जोवान्नी स्पादोलिनी पंतप्रधान झाले. तोवर युद्धोत्तर प्रजासत्ताकात ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाबाहेरचा पंतप्रधान झालाच नव्हता.

आता हे लॉज मुळात कशासाठी होतं? १८७७ मध्ये तुरिनला निघालं तेव्हा हेतू साधा होता. खासदार मंडळींना आपापल्या गावच्या लॉजला हजेरी लावता येत नाही, त्यांच्यासाठी एक सोय. मोठ्यांची नावं जरा बाजूला ठेवायची, इतकंच. जेल्लीनं त्या सोयीचं काय केलं पाहा. बाजूला ठेवलेली नावं फक्त त्याच्याजवळ राहिली. मेसनांच्या मुख्य संस्थेनं १९७६ मध्ये पी-टूचं काम स्थगित केलं, तरी ते चालूच राहिलं. सभासद एकमेकांना ओळखत नसत, ओळखायचा तो जेल्ली. कोणाला बढती हवी, कोणाला कर्ज, कोणाला कंत्राट. प्रत्येकाची अडचण एकाच माणसाच्या वहीत. एप्रन आणि तलवारी हव्यात कशाला मग?

सहकारी बँकांत मी हे लहान प्रमाणावर पाहिलंय. एका ठिकाणी (नाव नको) संचालकांच्या नातलगांची कर्जखाती वेगवेगळ्या शाखांत विखुरलेली होती. कुठल्याच शाखाधिकाऱ्याला पूर्ण चित्र ठाऊक नव्हतं. पूर्ण चित्र एका गृहस्थाच्या खिशातल्या डायरीत होतं, आणि ते गृहस्थ कागदोपत्री बँकेचे कोणीच नव्हते.

इटलीच्या राज्यघटनेचं अठरावं कलम संघटना करायचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच दमात गुप्त संघटनांना मनाई करतं. जानेवारी १९८२ मध्ये त्यावर वेगळा कायदा झाला आणि पी-टू बरखास्त झाली. तीना आन्सेल्मी यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची चौकशी समिती बसली. तरुणपणी फॅसिस्टांविरुद्ध लढलेली, पुढे देशाची पहिली महिला मंत्री झालेली ही बाई स्वतः ख्रिश्चन डेमोक्रॅट, म्हणजे स्वपक्षाचीही लोकं यादीत. त्यांनी काम सोडलं नाही. हेही सांगायला हवं की पुढे १९९४ मध्ये रोमच्या न्यायालयात राजकीय कटाचा आरोप टिकला नाही. यादीतल्या काहींनी आपण कधी सभासद नव्हतोच असं शेवटपर्यंत सांगितलं. नाव आहे म्हणून गुन्हा झाला असं कोणताही तपासनीस म्हणणार नाही.

इथं भावजींनी मला अडवलंच. "मग सावरकरांची अभिनव भारत? तीपण गुप्तच की." प्रश्न रास्त आहे, आणि नातं तर थेट इटलीशी. मॅझिनीच्या 'तरुण इटली'चा आदर्श समोर ठेवून नाशिकची मित्रमेळा १९०४ मध्ये अभिनव भारत झाली. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांच्या घराची झडती झाली तेव्हा युरोपातल्या गुप्त संघटनांवरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं, भरपूर खुणा केलेलं. छोटे छोटे गट, एका गटाला दुसऱ्याची माहिती नाही, ही रचना त्यात होती. जेल्लीचीही रचना तीच! पण नाशिकच्या पोरांची यादी सापडली असती तर त्यांना अंदमान किंवा फाशी होती. त्यांच्या हाती ना खातं होतं, ना तिजोरी. आणि राज्य आपलं झाल्यावर, १९५२ मध्ये, पुण्यात समारंभ करून सावरकरांनी ती संस्था विसर्जित केली. ज्याच्या हातात आधीच मंत्रालय आहे त्यानं नाव लपवायचं कारण काय, हे मला कोणी सांगावं.

उलटा धोकाही आहे. फ्रान्समध्ये १९४० मध्ये नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारनं मेसनांवर बंदी घातली, पुढच्या वर्षी सरकारी राजपत्रात त्यांची नावं छापली, आणि लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून सरसकट सगळ्यांच्या याद्या सरकारनं मागाव्यात याच्या मी विरुद्ध आहे. खुर्चीवर बसणाऱ्यानं आपलं आपण सांगावं. ब्रिटनमध्ये १७९९ च्या कायद्यानं लॉजना दरवर्षी सभासदांची यादी द्यावी लागे, ते कलम १९६७ पर्यंत पुस्तकात होतं. १९९८ मध्ये नव्या न्यायाधीशांना मेसन आहात का हे सांगणं आलं, २००९ मध्ये तेही काढलं. माझ्या मते चूक केली.

आता शीर्षकातला क्रमांक. तो सिल्व्हिओ बेर्लुस्कोनींचा. तेव्हा ते बांधकाम आणि दूरचित्रवाणीवाले उद्योगपती. पुढे कोर्टात शपथेवर त्यांनी सांगितलं की आपण प्रकरण बाहेर येण्याच्या थोडंच आधी सभासद झालो आणि वर्गणी कधी भरली नाही. १९९० मध्ये व्हेनिसच्या अपील न्यायालयानं दोन्ही गोष्टी खोट्या ठरवल्या, पण मधल्या माफीच्या कायद्यानं शिक्षा टळली. चार वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

भावजींना तो किस्सा आवडला. मला त्यातला आकडा खुपतो. सापडलेल्या यादीत नावं ९६२, आणि सभासद क्रमांक १८१६. आन्सेल्मी समितीनंही म्हटलंय की यादी खरी आहे, पण अपुरी. चेकबुकाचे क्रमांक असे मधूनच सुरू झाले असते तर मी शाखाधिकाऱ्याला आधीची पुस्तकं आणायला सांगितली असती आणि ती येईपर्यंत अहवालावर सही केली नसती. जेल्ली २०१५ मध्ये वारला, वयाच्या ९६ व्या वर्षी, आरेत्सोतल्या आपल्या बंगल्यात. आधीची पुस्तकं अजून आलेली नाहीत.