चिठ्ठीवर दुखण्याचा उल्लेखच नव्हता

चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘वय 61, आठ-नऊ महिन्यांपासून विसरभोळेपणा, डिमेन्शिया?’ स्मृतीच्या आणि विचारक्षमतेच्या चाचण्या घेणं हे माझं काम, त्यामुळे अशा चिठ्ठ्या रोजच्याच. सोबत एका छोट्या चाचणीचा कागद होता, 30 पैकी 22 गुण, आणि मेंदूच्या एमआरआयचा अहवाल. अहवालातले ‘वयानुरूप आकुंचन’ हे शब्द कुणीतरी पेनाने अधोरेखित केले होते.

बाई हिशेब तपासनीस. बोलत होता मात्र मुलगा. “आई एकच गोष्ट तीनदा विचारते. वाचलेलं पान पुन्हा वाचते. गॅसवर काही ठेवलं की विसरते. मागच्या महिन्यात ताळेबंदात चूक केली, जन्मात केली नव्हती.” पैशांचे व्यवहार त्याने आपल्या हातात घेतले होते. वाईट हेतूने नव्हे, घाबरून.

मी बघत होते ते बाईंच्या डाव्या हाताकडे. उजव्या कुशीवरचं कापड त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगापासून किंचित दूर ठेवलं होतं. खुर्चीत बसताना, चष्मा काढताना, बोलताना चिमूट काही सुटत नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, “नागीण झाली होती ना. फोड केव्हाच गेले. पण कापड लागलं की निखारा ठेवल्यासारखं होतं. त्याचं औषध चालू आहे, ते डॉक्टर वेगळे.”

ते डॉक्टर वेगळे, तो केसपेपरही वेगळा. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पुन्हा उठला की नागीण होते. पुरळ गेल्यावरही तीन महिन्यांपलीकडे दुखत राहिलं तर ते दीर्घकालीन दुखणं. दुखवणारा स्पर्श सोडाच, नुसत्या कापडाचा स्पर्शही मग वेदना म्हणून मेंदूपर्यंत पोचतो. बाईंचं दुखणं आणि विसरणं जवळजवळ एकाच सुमारास सुरू झालं होतं. तारखा दोन्ही केसपेपरवर होत्या, पण शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. याचा मला अजून राग आहे.

गोळ्यांची पिशवी मागवली. रात्री अमिट्रिप्टिलिन, दिवसातून दोनदा प्रीगॅबालिन. या दुखण्यावर दोन्ही योग्य औषधं. पण पहिलं ॲसिटिलकोलीनचं काम अडवतं, आणि स्मृतीला तेच रसायन लागतं, म्हणून उतारवयात ते शक्यतो टाळा असं सांगितलं जातं. दुसऱ्याने गुंगी येते, लक्ष मंदावतं. त्यात कूस बदलली की जाग यायची, म्हणजे झोपेचं मातेरं.

चाचण्यांआधी मी दुखण्याचा आकडा विचारते, शून्य ते दहा. त्या म्हणाल्या पाच. सुरुवात 100 मधून सात-सात वजा करण्याने. 93. 86. मग खुर्चीच्या पाठीला कूस टेकली, श्वास अडकला, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कुठवर आले होते मी?” आयुष्यभर आकड्यांत राहिलेली बाई 86 वर थांबली होती. वजाबाकी त्यांना येत होतीच. मधल्या क्षणी 86 हा आकडाच हातातून गेला होता. पेन्सिलीने 1 पासून क, क पासून 2, 2 पासून ख अशा रेषा जोडायच्या चाचणीतही तेच. सरळ आकडे जोडताना वेग बरा, पण आकडा-अक्षर अशी अदलाबदल आली की दर जोडणीला पेन्सिल थांबे. ऐकलेले आकडे सरळ सहा म्हणता आले, उलटे फक्त तीन.

मग 15 शब्दांची यादी. ती पाच वेळा वाचायची आणि प्रत्येक वेळी आठवतील ते शब्द म्हणून घ्यायचे. पहिल्या फेरीत चार आले. इथेच पुष्कळांचा निकाल लागतो: चारच शब्द, म्हणजे स्मृती गेली. पण ही चाचणी पाचव्या फेरीनंतर खरी बोलायला लागते. बाई चार, सहा, आठ, नऊ, दहा अशा चढत गेल्या. मध्ये दुसरी यादी, दुसरी कामं, अर्धा तास. मग काही न सांगता विचारलं, तर दहापैकी नऊ शब्द आले. मोठ्या यादीतून ओळखायला दिले तेव्हा पंधरापैकी चौदा बरोबर, आणि नसलेला एकही शब्द ‘होता’ म्हणाल्या नाहीत.

अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, सुरुवातीला सहसा उलटं दिसतं. शिकलेलं अर्ध्या तासात पुसलं जातं, आणि ओळखायला दिलं तरी खरं-खोटं वेगळं करता येत नाही. बाईंनी जे आत घेतलं ते टिकलं होतं. आत घेतानाच अडचण होती. एकूण गुणांचा आकडा हा फरक दाखवत नाही. दोन अगदी वेगळ्या वाटांनी माणूस 22 वर पोचतो. तरीही केसपेपरवर वाट कुणी लिहीत नाही, 22 तेवढे लिहितात.

वेदनेचं कामच मुळी लक्ष तोडून स्वतःकडे ओढणं हे आहे. एक्लस्टन आणि क्रॉम्बेझ या वेदनेचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये हे नीट मांडलं. हात भाजला तर ते ओढणं जीव वाचवतं, पण तेच महिनोन्‌महिने चालू राहिलं की हातातलं काम धरून ठेवणाऱ्या यंत्रणेतला एक वाटा सतत तिकडे जातो. बाईंची चिमूट म्हणजे अखंड चाललेलं दुसरं काम होतं.

मेंदूची रचनाही बदलते. 2004 मध्ये आपकारियन या संशोधकाच्या गटाला जुनाट पाठदुखीच्या रुग्णांत करड्या द्रव्याचं, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींच्या थराचं, घनमान 5 ते 11 टक्के कमी आढळलं. कपाळामागचा, लक्ष आणि नियोजन सांभाळणारा भाग त्यात ठळक होता. ही बातमी ऐकून लोक खचतात, म्हणून पुढचंही लगेच सांगते. 2009 मध्ये खुब्याचा सांधा बदलून दुखणं थांबलेल्या रुग्णांत, आणि 2011 मध्ये पाठदुखीवर उपचार लागू पडलेल्यांत, यातले काही बदल मागे फिरलेले दिसले. कमी झालेलं सगळं मेलेलंच असतं असं नाही.

अहवालात लिहिलं: डिमेन्शियाचा नमुना नाही, लक्ष आणि कार्यकारी स्मृती (हातातली माहिती क्षणभर धरून ठेवणारी) मंद, दुखणं, झोप आणि औषधं सांभाळून पुन्हा चाचणी घ्यावी. आर्थिक व्यवहार काढून घ्यावेत असं काही आढळलं नाही, हे वाक्य मुद्दाम वेगळ्या ओळीत घातलं. मुलगा म्हणाला, “मॅडम, मग हे खोटं विसरणं का?” नाही. ताळेबंदातली चूक खरी, करपलेलं भांडंही खरं. कारण वेगळं, इतकंच.

दुखण्याच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. त्यांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं, अमिट्रिप्टिलिन हळूहळू उतरवलं आणि कुशीवर लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे पॅच दिले. सहाएक महिन्यांनी बाई आल्या तेव्हा दुखण्याचा आकडा तीन होता, झोप सलग पाच तास. उलटे आकडे पाच आले, नव्या यादीच्या पहिल्या फेरीत सहा शब्द. आकडा-अक्षराची चाचणी मात्र अजून हळूच. गोळी गेली, झोप आली, दुखणं उतरलं, तिन्ही एकदम झाल्यामुळे श्रेय कुणाचं हे मला सांगता येत नाही. उरलेला मंदपणा कशाचा, तेही नाही. हीच गोष्ट मनातून जात नाही.

कारण निघताना बाईंनी विचारलं, “म्हणजे मला ते होणार नाही ना?” 2017 मध्ये दहा हजारांहून जास्त वयस्कांच्या अभ्यासात, ज्यांचं दुखणं चिवट होतं त्यांची स्मृती इतरांपेक्षा 9.2 टक्के जास्त वेगाने घसरलेली आढळली होती. ते मला माहीत असताना ‘अजिबात नाही’ म्हणवेना. म्हटलं, “आज ते नाही. दुखणं जितकं आटोक्यात राहील तितकं तुमच्या फायद्याचं, पण हमी मी देत नाही.” त्यांना ते चाललं, मुलाला चाललं नाही. पुढच्या वर्षी वेगळी शब्दयादी घेऊन बसायचं ठरलं आहे, सकाळी लवकर, कारण दुपारनंतर त्यांची आग वाढते.