एअरब्रश बदलायचाय? आधी नोझल बघा : माझा अनुभव

१/७२ मापाची (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) मॉडेल विमानं रंगवायला कोणता एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) घ्यायचा हे ठरवायला मला दोन दिवस पुरले. जुन्याचं नेमकं काय बिघडलंय हे कळायला मात्र तीन आठवडे गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

जुना ब्रश कॉम्प्रेसरबरोबर सेटमध्ये मिळतो तसला : ०.३ मिमी नोझल (रंग बाहेर पडतो ते टोकाचं तोंड), वर रंगाचा कप, ड्युअल अ‍ॅक्शन (ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग). ट्रिगर दाबला की कपातल्या रंगात बुडबुडे आणि पुढून रंगाच्या पिचकाऱ्या. विक्रेत्याचं दर वेळी एकच उत्तर, "नीट साफ करा." साफसफाईचा आणि या दुखण्याचा काही संबंधच नव्हता.

तपासायला पाच मिनिटं लागतात. कपात रंगाऐवजी साधं पाणी घ्या, दाब १५ पीएसआय ठेवा. ट्रिगर फक्त खाली दाबा, मागे ओढू नका. तेव्हा आतल्या सुईनं नोझलचं तोंड बंद असतं, त्यामुळे पुढून हवा आत शिरायला वाट नसते. तरीही बुडबुडे आले, तर हवा नोझलच्या बुडाशी फट शोधून रंगाच्या वाटेत घुसतेय. ट्रिगर मागे ओढल्यावरच येत असतील तर पुढची नीडल कॅप काढून पुन्हा बघा. थांबले तर कॅपमध्ये रंग वाळून बसलाय, तेवढाच काढायचा. माझ्याकडे पहिला प्रकार होता. भिंगाखाली धरल्यावर नोझलच्या मानेला, आटे संपतात तिथे, केसाएवढा तडा दिसला.

असा तडा जातो तो पान्ह्यामुळे. ही नोझल तांदळाच्या दाण्याएवढी, आटे जेमतेम एक-दोन मिलिमीटर. पान्हा त्या मानानं लांब, त्यामुळे थोडा जोरही मानेला पिळून टाकतो. पान्हा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, नोझल टेकली की केसभर पुढे फिरवायची आणि थांबायचं. आणि नोझल काढता-बसवताना सुई आधी मागे ओढून घ्यायचीच, नाहीतर नोझलचं तोंड आतून फाकतं आणि बारीक रेघ पुन्हा कधी येत नाही.

तडा नसेल, नुसती फट असेल, तर आट्यांना मधमाशीच्या मेणाचा हलका हात पुरतो. पण लॅकर थिनरनं (लॅकर रंग पातळ करायच्या तीव्र द्रवानं) ते मेण निघून जातं, पुन्हा लावावं लागतं. टेफ्लॉन टेप लावू नका, एवढ्या बारीक आट्यांवर ती जाड पडते.

मग नवी नोझल शोधणं. पाकिटावर "०.३" लिहिलेल्या दोन नोझल मागवल्या, दोन्ही बसल्या नाहीत. ०.३ हे फक्त भोकाचं माप आहे. आटे, लांबी, सुईचा निमुळता भाग हे सगळं प्रत्येक बनावटीत वेगळं असतं. विकणाऱ्यानं हे आधी सांगायला हवं होतं. आणि नोझल बदलली की तिच्या जोडीची सुईही बदलायची, जुनी सुई नव्या नोझलमध्ये घट्ट बसेलच असं नाही.

म्हणून नवा ब्रश निवडताना पहिला प्रश्न हाच ठेवला : नोझल आट्यांची की नुसती बसवायची? जपानी प्रोकॉन बॉय पीएस-२८९ (०.३) बारीक कामाला उत्तम, पण नोझल आट्यांची. जर्मन हार्डर अँड स्टीनबेकच्या एव्होल्यूशनची नोझल बिनआट्यांची, ०.२ आणि ०.४ चे संच अदलाबदल करता येतात. शेवटी इवाटाचा एक्लिप्स एचपी-सीएस घेतला. ०.३५ ची नोझल चांगली मोठी, हातात धरता येते, जागेवर ठेवायची आणि पुढचा भाग हातानं कसायचा. पान्हा लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे पुन्हा देईन.

०.२ च्या मोहात पडू नका. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक त्यात सारखे टोकावर वाळतात. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या बाजूंवरचे ठिपके ०.३५ नंही निघतात, फक्त रंग पातळ हवा. तामियाचा अ‍ॅक्रिलिक रंग एक भाग, त्यांचंच एक्स-२०ए थिनर दीड ते दोन भाग, दाब १० ते १२ पीएसआय, अंतर दोन-तीन सेंटिमीटर. अंगभर रंगाला एकास एक आणि दाब १५ ते १८ पीएसआय. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर दाब जास्त आहे किंवा रंग फार पातळ झालाय.

हो, नळीचं राहिलंच. एक्लिप्सचे नळी जोडायचे आटे १/८ बीएसपी (आट्यांचं एक ठरलेलं माप), जुनी नळी तशीच बसली. बॅजर कंपनीच्या ब्रशचे आटे निराळे असतात, अ‍ॅडाप्टर आधी घेऊन ठेवा. आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरवर मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी डबी) असला तरी ब्रशजवळ नळीवर दुसरा छोटा ट्रॅप लावा. नळीत हवा थंड होताना पाणी सुटतं आणि ते थेट पंखावर थेंब होऊन पडतं. लॅकर मारताना ऑरगॅनिक व्हेपर (थिनरची वाफ) अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क हवाच, कापडी मास्कनं ती वाफ अडत नाही.

ब्रशबरोबरच जादा नोझल आणि सुई मागवली, त्याच मॉडेल नंबरची. आल्या दिवशी पाकीट फोडून दोन्ही बसवून पाहिली, पाण्याची तपासणी केली, एकही बुडबुडा आला नाही. मग पुसून डबीत ठेवून दिली.