तुरुंगात गाणारा भाविक

"खुनाची आणि तुरुंगाची गाणी म्हणणारा अमेरिकन गायक जॉनी कॅश खरंच देव मानणारा होता का?" मी कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत ऐकतो हे ठाऊक असलेली माणसं हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. होता. आणि ती गाणीही मला त्याच्या श्रद्धेतूनच आलेली वाटतात.

१९३२ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मलेल्या या मुलाचं बालपण डायसला गेलं. मंदीच्या काळात सरकारनं गरीब शेतकऱ्यांसाठी वसवलेलं हे गाव. तिथे कॅश कुटुंबाला घर आणि २० एकर जमीन मिळाली. दिवसभर कापसाच्या शेतात राबायचं, राबताना आईबरोबर भक्तिगीतं गायची आणि रात्री रेडिओला कान लावून बसायचं. रेडिओवर कार्टर फॅमिली असे, जिमी रॉजर्स असे, दोन्ही कंट्री संगीतातली जुनी नावं. पुढे त्याला फार आवडली ती सिस्टर रोझेटा थार्प. इलेक्ट्रिक गिटार घेऊन गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत गाणारी ही बाई नाइटक्लबातही गायची, आणि त्यासाठी चर्चमधल्या लोकांचे बोल खायची. कॅशला ती का भावली असेल, हे मला लगेच कळतं.

१९४४ मध्ये त्याचा थोरला भाऊ जॅक लाकूड कापण्याच्या यंत्रावर जबर जखमी झाला आणि काही दिवसांत गेला. जॅकला धर्मोपदेशक व्हायचं होतं. शेवटच्या घटकेला त्यानं आईला विचारलं, देवदूत गाताहेत ते तुला ऐकू येतंय का? त्याला मूठमाती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी घरचे सगळे पुन्हा शेतात होते, असं कॅशनं आत्मचरित्रात लिहिलंय. हे वाचल्यापासून त्याच्या आवाजातला जडपणा मला वेगळाच ऐकू येतो.

मेम्फिसमध्ये तबकड्या काढणाऱ्या सॅम फिलिप्सकडे तो गेला तोच मुळी गॉस्पेल गायचंय म्हणून. गॉस्पेल खपत नाही, असं उत्तर मिळालं. मग दुसरी गाणी आली, नाव झालं. पण १९५८ मध्ये तो कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी त्यानं भक्तिगीतांची तबकडी काढली. याच सुमारास गोळ्यांचं व्यसन लागलं, पुढे पहिला संसार मोडला. व्यसन सुटलं, पुन्हा लागलं. आत्मचरित्रात त्यानं हे झाकून ठेवलं नाही.

१३ जानेवारी १९६८ ला तो कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात गायला. आदल्या रात्री ग्लेन शर्ली नावाच्या तिथल्याच एका कैद्यानं रचलेलं गाणं त्याच्या हाती आलं. तुरुंगातल्या प्रार्थनामंदिरावरचं. कॅशनं ते रातोरात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी गायलं, तेव्हा शर्ली समोरच बसला होता. कैद्यांना त्यानं उपदेश केला नाही. खुनी माणसाच्या तोंडचं गाणं त्यानं त्याच मैफलीत, त्याच आवाजात गायलं होतं. देव सज्जनांपुरता नसतो, असं मानणाराच असं करू शकतो. माझ्या लेखी त्याच्या श्रद्धेचा याहून मोठा पुरावा नाही. १९७३ मध्ये त्यानं येशूच्या जीवनावर काढलेला चित्रपटसुद्धा नाही.

ऐकायचंच असेल तर 'माय मदर्स हिम बुक'पासून सुरुवात करा. कॅश २००३ मध्ये गेला, ही तबकडी स्वतंत्रपणे २००४ मध्ये आली. आईच्या भक्तिगीतांच्या पुस्तकातली गाणी, त्याचा थकलेला आवाज आणि एक गिटार, एवढंच आहे तिच्यात. आपल्या सगळ्या तबकड्यांत हीच सर्वांत लाडकी, असं त्यानं स्वतः म्हणून ठेवलंय. फॉल्समच्या मैफलीची तबकडी त्यानंतर ऐका.